सुलेखाबाईंची तिसरी

"आधी जिभेवर बसू दे, मग डोक्यात उतरेल," असं सुलेखाबाई भिंगारदिवे नेहमी म्हणायच्या. मुलांना म्हणायच्या, मुलांच्या आयांना म्हणायच्या, आणि शाळेत नवा शिक्षक आला की पहिल्याच दिवशी त्यालाही ऐकवायच्या. इंग्रजीतून, पण नगरी ठसक्यात.

नगर जिल्ह्यातल्या एका गावात त्यांचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. एक खोली, चार इयत्ता, सत्तर पोरं. मास्तर पुढे म्हणत, पोरं मागून म्हणत, आणि त्या गजरानं अंगणातल्या चिंचेवरची पाखरं उडून जात. सुलेखाबाई त्या गजरात वाढल्या. लग्न करून अमेरिकेत आल्या, नवरा वारला, मुलगा टेक्सासला राहायला गेला. गजर मात्र त्यांना सोडून गेला नाही. बावीस वर्षं त्यांनी तो अल्फारेटा नावाच्या शहराबाहेर, एका चर्चच्या मागच्या बैठ्या इमारतीत, तिसरीच्या वर्गात जागता ठेवला.

ती शाळा जुन्या वळणाची, ख्रिस्ती. क्लासिकल म्हणवून घेणारी. लहान वय हे साठवणीचं वय, असं तिथं मानतात. तिसरीतल्या मुलाला बारापर्यंत पाढे, दोन स्तोत्रं, लॅटिन शब्दांच्या माळा आणि जगाच्या इतिहासातल्या एकशेवीस घटना एकापुढे एक, चालीवर, तोंडपाठ यायला हव्यात. अक्षर जोडून आणि वळणदार. स्क्रीन वर्गात नाहीच. इतर शिक्षक ही पद्धत प्रशिक्षणाला जाऊन शिकले होते. सुलेखाबाई ती अंगावरच्या लुगड्यासारखी नेसून आल्या होत्या. भिंगारदिवे हे नाव तिथं कुणालाच उच्चारता येईना, म्हणून मुलांनी त्यांना मिसेस बी केलं. शुक्रवारी शेवटच्या तासाला मिसेस बी मुलांना पावकी आणि निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, शिकवत. एमिली नावाची लाल केसांची मुलगी 'पाऊण' असं काही तोंड भरून म्हणायची की बाई तिच्याकडून ते उगाच दोनदा म्हणवून घेत.

आश्लेषानं हे सगळं पहिल्यांदा खिडकीतून ऐकलं होतं. ती आणि तिचा नवरा सुशांत, दोघं पुण्याचे, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. त्यांची इला पब्लिक स्कूलमध्ये दिवसभर टॅब्लेटवर बोट फिरवून घरी यायची, आणि आज काय शिकलीस म्हटलं की खांदे उडवायची. कुणीतरी सांगितलं म्हणून आश्लेषा ही शाळा बघायला आली. व्हरांड्यात उभी राहिली, तर आतून अठरा मुलांचा एक आवाज आला. लॅटिनचा एक शब्द तिला कळला नाही, पण तिचे पाय आपसूक ठेका धरू लागले.

इलाला तिथं तिसरीत घातल्यावर मंडळाच्या गणपतीत लोकांनी सुशांतला सोडलं नाही. "काय रे, घरी आरती आणि शाळेत स्तोत्र? पोरगी कन्फ्यूज होईल यार!"

"होऊ दे," सुशांत म्हणाला. "पाढे तर येतील."

आणि शाळेत एक मराठी बाई भेटल्यावर तर आश्लेषाला माहेर भेटल्यासारखं झालं. ती त्यांना मावशी म्हणू लागली. मावशींनीही इलाला आपल्या पंखाखाली घेतलं. दर तिमाहीला पत्रक यायचं. पाढे, पक्के. लॅटिन, पक्कं. इतिहास, पक्का. खाली मावशींची ठसठशीत सही. आश्लेषा त्याचा फोटो काढून पुण्याला आईला पाठवायची.

मे महिन्यात परीक्षा आली. त्या शाळेत तिसरीतून चौथीत जायचं तर लेखी पेपर नसतो. मूल एकटं उभं राहतं, मुख्याध्यापक डॉ. हार्लन समोर बसतात, आणि मूल वर्षभर साठवलेलं सगळं म्हणून दाखवतं. मागच्या बाकावर आईबापांना बसू देतात. मध्ये कुणी सांगायचं नाही, हा नियम.

इला उभी राहिली. पांढरा शर्ट, निळा फ्रॉक, वेणीला मावशींनीच सकाळी नीट केलेली रिबन. तिनं स्तोत्राचे पहिले दोन शब्द म्हटले आणि थांबली. डॉ. हार्लन हसले, थांबले, म्हणाले, मग पाढे घेऊ. पाढेही नाहीत. इतिहास नाही. इलाचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

डॉ. हार्लन भला माणूस होता. त्यांनी पत्रक उघडलं. "घाबरली असेल," ते म्हणाले. "वर्षभर सगळं पक्कं आहे. मिसेस बी, हिला येतं असा तुम्ही शब्द द्या, मी तिला पुढे पाठवतो."

सुलेखाबाई उठल्या. इलाजवळ गेल्या, गुडघ्यावर बसल्या आणि मराठीत हळूच म्हणाल्या, "इला, वर्गात तर म्हणतेस की गं."

"वर्गात माझ्या पुढच्या बाकावर अक्षत असतो," इला म्हणाली. "ही सेज इट, देन आय से इट."

"रोज?"

"एव्हरी डे."

सुलेखाबाई गुडघ्यावरून उठल्या. साडीचा पदर सारखा केला आणि डॉ. हार्लनना म्हणाल्या, "मी शब्द देऊ शकत नाही. हिला येतं की नाही, मला ठाऊक नाही. मी हिला एकटीला कधी ऐकलंच नाही."

पार्किंग लॉटमध्ये आश्लेषानं त्यांना गाठलं. इला गाडीत बसून खिडकीच्या काचेवर बोटानं रेघा ओढत होती.

"मावशी, एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? तिच्या सगळ्या मैत्रिणी चौथीत जाणार. ही मागे राहणार. आपल्याच माणसानं असं करावं?"

"बोलले असते गं. मग चौथीत ही दुसऱ्या कुणाच्या तरी मागे उभी राहिली असती."

"मग वर्षभर 'पक्कं' कशाला लिहिलंत?"

सुलेखाबाई मेपलच्या झाडाखाली उभ्या होत्या, हातात पर्स, पर्सचा बंद मुठीत घट्ट धरलेला. "माझ्या बापाकडे सत्तर पोरं होती," त्या म्हणाल्या. "एकेकाचं ऐकायला त्याला दिवस पुरला नसता. म्हणून तो सगळ्यांना एकत्र म्हणायला लावायचा. मी समजले, हीच शिकवायची रीत. आश्लेषा, माझ्याकडे अठराच होती. मला वेळ होता."

आश्लेषाचा राग गेला नव्हता, पण तो आता कुठं टाकावा ते तिला कळेना.

सुलेखाबाईंनी डॉ. हार्लनकडून ऑगस्टमध्ये दुसरी परीक्षा मागून घेतली. तोवर आठवड्याचे तीन दिवस, दुपारी चारला, त्यांची जुनी टोयोटा आश्लेषाच्या दारात उभी राहू लागली. फी नाही, चहा चालेल, एवढंच म्हणाल्या.

पहिला आठवडा कोरडा गेला. इला उभी राहायची, बाई समोर बसायच्या. इला गप्प, बाई गप्प. मग अचानक इला घडाघडा सातचा पाढा म्हणू लागली. आश्लेषा आनंदानं स्वयंपाकघरातून डोकावली, तर बाईंचा चेहरा पडलेला.

"मावशी, येतंय की!"

"तिला नाही, मला येतंय," सुलेखाबाई म्हणाल्या. "माझे ओठ हलतात. ती ते वाचते."

आश्लेषानं नीट पाहिलं तर खरंच. साठ वर्षांचे ओठ, पुढे म्हणायची सवय लागलेले. बाई त्यांना आवरत होत्या, दाताखाली धरत होत्या, आणि अठ्ठावीस-पस्तीसच्या आसपास ते पुन्हा आपले सुटत होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी खुर्ची फिरवली आणि इलाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं. आश्लेषाकडे मेथीची जुडी मागून घेतली. तेव्हापासून तोच नेम झाला. बाई मेथी निवडत बसायच्या, मागे इला उभी. सुशांत वरच्या खोलीतून कॉल संपवून खाली यायचा आणि म्हणायचा, "मावशी, आमच्याकडे आता रोज मेथीच असते. पुढच्या आठवड्यात गवार आणू का?"

"आण. पण तू इथं उभा राहू नकोस. तुझेही ओठ हलतील."

"माझे? मला नऊच्या पुढे येत नाही!"

इला खुदकन हसली. आणि हसून झाल्यावर, कुणी न सांगता, आठचा पाढा तिनं सुरू केला. अडखळत, एका आकड्यावर पुष्कळ वेळ थांबत. भिंतीकडे तोंड केलेल्या बाईंच्या हातातली काडी तशीच राहिली. आठ सत्ते छप्पन्नपाशी इला अडकली. आश्लेषाच्या अगदी ओठांवर छप्पन्न आलं होतं. तिनं ओट्याची कड धरली. बाई हलल्या नाहीत. घड्याळाचा सेकंदकाटा अर्धा फेरा फिरला असेल.

"फिफ्टी-सिक्स," इला म्हणाली.

त्या आवाजात गजर नव्हता. बारीक होता, थोडा चिरकाही. पण तो तिचा एकटीचा होता, आणि आश्लेषानं तो आठ वर्षांत पहिल्यांदा ऐकला असं तिला वाटलं.

जून गेला, जुलै गेला. काही दिवस चांगले, काही अगदी वाईट. एकदा इलानं वही भिरकावली, रडली, पब्लिक स्कूलला परत जाते म्हणाली. बाई म्हणाल्या, "जा, पण आधी दुसरं स्तोत्र म्हणून जा." लॅटिन मात्र शेवटपर्यंत लंगडंच राहिलं.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी परीक्षा झाली. सुलेखाबाई आत आल्या नाहीत. व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. आत इलानं दोन्ही स्तोत्रं म्हटली. पाढे म्हटले, अकराच्यात एकदा चुकली आणि आपण होऊन मागे येऊन सुधारलं. इतिहासातल्या तीन घटना गाळल्या. लॅटिनपाशी मान खाली घातली आणि म्हणाली, "आय डोन्ट नो धिस वन, सर. नॉट येट."

डॉ. हार्लननी पेनाचं टोपण लावलं. मुलगी चौथीत जाईल. लॅटिन तेवढं अजून एक वर्ष तिसरीबरोबर.

आश्लेषा जवळजवळ पळतच बाहेर आली. "मावशी, पास! लॅटिन राहिलं, पण पास!"

"ऐकलं मी," सुलेखाबाई म्हणाल्या. डोळे भरलेले होते, पण त्या दिवशी त्यांना रडायला सवड नव्हती. नवी तिसरी त्याच आठवड्यात सुरू होणार होती. मांडीवर अठरा नावांची यादी होती, आणि प्रत्येक नावापुढे त्यांनी वार आणि वेळ लिहिली होती, एकेका मुलाला एकटं ऐकायची. यादीच्या तळाशी एकोणिसावं नाव त्यांनी तिथंच बसून लिहिलं.

"इला, तुझं लॅटिन रोज सकाळी पावणेआठला. उशीर केलास तर मी थांबणार नाही."

"यू विल वेट," इला म्हणाली.

बाईंनी तिच्या गालाला हात लावला, यादीची घडी करून पर्समध्ये टाकली आणि उठल्या. गुडघा धरून क्षणभर उभ्या राहिल्या, मग लांब व्हरांड्यानं आपल्या वर्गाकडे चालू लागल्या. आश्लेषा गाडीची किल्ली हातात घेऊन पाहत राहिली. शेजारी इलाही पाहत होती, मावशी दाराआड होईपर्यंत.