जांभळ्या पाकिटातल्या उदबत्त्या

गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर मला सोडायला आमची ही आली होती. मये गावातून निघाल्यापासून तिचं एकच पालुपद चाललं होतं. "झिलाक (मुलाला) घेवन येयात. एकटे येव नकात." मी वैतागून म्हटलं, "अगो, तो काय माझ्या खिशात मावतलो?" पण परतीची तिकिटं मी दोन काढली होती, एक माझं आणि एक सुदेशचं.

सुदेश आमचा एकुलता एक. टोकियोजवळच्या कारखान्यात इंजिनियर. दोन वर्षांत घरी फिरकला नव्हता. आधी दर आठवड्याला फोन यायचा, मग महिन्याला, आणि आता मेसेजच्या उत्तरात नुसतं अंगठ्याचं चित्र. मी पणजीच्या कचेरीत तीस वर्षं फायली हलवल्या. म्हटलं, एक पोरगा हलवता येणार नाही?

दिल्लीला विमान बदललं. शेजारी एक जपानी गृहस्थ होते. साऱ्या प्रवासात त्यांचं कोपरसुद्धा माझ्या बाजूला आलं नाही. मी मात्र झोपेत दोनदा त्यांच्या खांद्यावर कलंडलो. त्यांनी मला उठवलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

विमानतळावर उतरलो आणि पहिला फटका बसला. हिने जुन्या साडीच्या घड्यांत मानकुराद आंबे बांधून दिले होते. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने ते एकेक करून बाहेर काढले. ताजी फळं आणायची नाहीत, असा कायदा. मी हात जोडले, त्याने कमरेत वाकून नमस्कार केला, आणि दोन्ही हातांनी, अगदी जपून, आंबे कचऱ्यात ठेवले. भांडायचं तरी कोणाशी? गुळात घोळवलेलं बेसनाचं खाजें तेवढं वाचलं.

सुदेश रात्रपाळी करून तसाच आला होता. अंगात कंपनीचं जाकीट. गालफडं बसलेली. मी त्याला ओलांडून पुढे गेलो होतो, त्यानेच हाक मारली. "बाबा, कित्याक (कशाला) आयलात?" वाकून पाया पडला तेव्हा पाठीचे मणके दिसले.

गाडीच्या खिडकीतून पाण्याने भरलेली भातशेतं दिसत होती, आमच्या मयेजवळच्या कारापूरला असतात तशीच. मी म्हटलं, "बघ रे, लावणी चालू आसा." त्याने डोळे उघडले नाहीत. पन्नास माणसांच्या डब्यात माझा एकट्याचाच आवाज होता.

त्याची खोली चौथ्या मजल्यावर, आमच्या माजघराच्या अर्धी. पडदे बंद, कोपऱ्यात न टाकलेल्या कचऱ्याच्या पिशव्या. मी सवयीने चपला दाराबाहेर काढल्या, त्याने त्या उचलून आत ठेवल्या. तो अंथरुणावर पडला. मी पडदे उघडले, केर काढला, भांडी घासली, आंघोळ केली. मग कपाटावर जागा करून गावच्या देवाचा फोटो ठेवला. काडेपेटी शोधताना फळीवर जांभळ्या कागदातलं एक बंद पाकीट सापडलं. आत बारीक, आखूड उदबत्त्या. बरं वाटलं मला! म्हटलं, पोराने देव अगदीच सोडलेला नाही. दोन लावल्या, देवाला ओवाळल्या.

वासाने सुदेश उठून बसला. "ती नाका बाबा. विझवा."

"देवाक धूप दाखवूक तुझी परवानगी जाय (हवी)?" मी खेकसलो. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी खाजें घेऊन शेजारी गेलो. गावाहून कोणी आलं की शेजारच्या दारात चार वस्तू जाणारच, ही आमची रीत. दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. खाजें त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावल्यासारखं केलं, आणि फोनमध्ये काही बोलल्या. फोन हिंदीत बोलू लागला.

"तुमच्या भावाच्या निधनाचं फार वाईट वाटलं."

मला भाऊच नाही. मी नकारार्थी मान हलवली.

बाईंनी सुदेशच्या दाराकडे बोट दाखवलं. "त्या मुलाचे वडील वारले ना. तो पाच दिवस पडदा लावून घरात होता. मी उदबत्त्या दिल्या होत्या. आज वास आला. बरं वाटलं."

त्या वाकल्या, मीही वाकलो. परत आलो तेव्हा कपाटावर दोन्ही काड्यांची राख पडली होती. माझ्या मरणाच्या उदबत्त्या मी माझ्याच हाताने लावल्या होत्या.

सुदेश पाळीवर जायला बुटाचे बंद बांधत होता. माझं तोंड बघून त्याला कळलं.

"रजा मेळना (मिळेना) जाली, बाबा. घरात कोण मेलें तरच दितात. आवयचें (आईचं) नांव घेवंक धीर जालो ना."

"म्हणून माझें घेतलें?"

त्याने दुसऱ्या बुटाचा बंद ओढला. "पाच दीस मेळ्ळे. घरा येवपाचें आशिल्लें (यायचं होतं). पूण न्हिदलों (झोपलो) आनी उठपाकच जालें ना."

मी त्याचा दंड धरला. "सोड ही नोकरी. तिकीट आसा माझ्याकडे. चल घरा."

"येवन काय सांगूं? तुमी तिंट्यार (बाजारात) माझो बॅनर लायलो. वाड्यार सगळ्यांक पेडे वांटले." आवाज चढलासुद्धा नाही त्याचा. "आतां पुरो, बाबा. गाडी चुकता."

तो गेला. मी दाराशी उकिडवा बसून रडलो, आवाज न करता, कारण त्या भिंती पातळ होत्या.

नऊ दिवस राहिलो. रोज विचारलं. रोज तो बूट घालून गेला. विमानाने परतलो तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. जेवण वाढणाऱ्या मुलीने तिथेही ताट ठेवायचं का, असं विचारलं.

मोपाला ही उभी होती. माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली. शेवटचा प्रवासी बाहेर पडला तेव्हा म्हणाली, "रजा मेळूंक ना त्याका?"

"ना," मी म्हटलं.

"मेळतली," ती माझी बॅग घेत म्हणाली. "काय अडीनडीचें जालें तर दितलेच."

उद्या मी खरोखर गेलो, तर माझा मुलगा तिथे काय सांगून रजा मागणार?