पंचविसाची रेष

रणातल्या मिठागरांवर सवशीभाईला सगळे डॉक्टर म्हणत. त्याच्याकडे काचेची नळी होती. बूड शिशाने जड केलेलं, वर बारीक आकडे. खाऱ्या पाण्यात ती उभी तरंगे.

"डॉक्टर, ताप किती?" शेजारच्या पाट्यावरून, मिठाच्या वाफ्यावरून, वालजी ओरडे.

"चोवीस! तुझ्या डोक्याचा मात्र उतरत नाही."

सवशीभाईचा बाप पाणी जिभेवर घेऊन खार किती ते सांगायचा. म्हातारपणी बापाची चव गेली आणि त्यापायी एक पीक गेलं. तेव्हापासून सवशीभाईने पाणी चाखलं नाही.

"एक तांब्या गोडं पाणी घे, एक तांब्या खारं," तो सांगे. "तांब्या तेवढाच, पण खारं जड. पाणी जितकं जड, तितकी नळी वर. यात माणसाचा संबंधच कुठे येतो?"

चोविसाच्या पुढे पाट्यात मीठ धरतं. एकोणतीस व्हायच्या आत वरचं पाणी सोडून नवं घ्यायचं. नाही घेतलं, तर मिठात कडू क्षार बसतात आणि अख्खं पीक वाया जातं.

त्या फाल्गुनात नळी पंचविसावर अडली. ऊन भाजत होतं, तरी पंचवीसच.

त्याच्या बायकोने, मोंघीने, दंताळं थांबवून बोट चाटलं. "कंचनचे बापू, पाणी कडू लागतंय."

"तुला ताप आला होता."

"उतरून आठवडा झाला."

"नळी पंचवीस म्हणते."

"नळी काय चाखते?"

"चाखत नाही, म्हणूनच चुकत नाही."

मोंघीने पुन्हा दंताळं उचललं.

चैत्रात कारखान्याचा माणूस आला. हर्षदभाई. त्याने ढिगातला खडा फोडला, जिभेवर ठेवला, थुंकला.

"सवशीभाई, दुसऱ्या कुणाचं असतं तर न बोलताच निघून गेलो असतो. हे कडू आहे. नाही घेता येणार."

"होणारच नाही. पाणी पंचविसाचं आहे."

हर्षदभाई वाद घालत बसला नाही. त्याने आपली नळी काढून पाट्यात सोडली. एकतीस. सवशीभाईने शेजारी आपली सोडली. पंचवीस.

एकच पाणी. दोन नळ्या.

मोंघीने नवऱ्याची नळी उचलली. बुडावरून अंगठा फिरवला. खरखरीत लागलं.

रणात पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याचा टँकर येतो. त्या पाण्याने कुणी काच धुवत नाही. सवशीभाई रोज फडक्याने आकडे पुसायचा, बूड तसंच ठेवायचा. सात महिने त्यावर मिठाची साय पापुद्र्यावर पापुद्रा चढत गेली. सगळी मिळून दीड-दोन चमचे असेल. तेवढ्या वजनाने नळी रोज थोडी खाली बसत गेली.

मोंघीने पिण्याच्या मडक्यातून पेला भरला. नळीवर ओतला, चोळला, पुन्हा ओतला. मग नळी पाट्यात सोडली.

ती वर आली. एकतीस.

हर्षदभाई हळू आवाजात म्हणाला, "येतो मी."

त्या संध्याकाळी वालजीने हाक मारली नाही.

सकाळी मोंघी आली तेव्हा सवशीभाई पाट्याच्या कडेला बसला होता. पांढरे ढीग होते तसेच. नळी बाजूला पडलेली. त्याने पाण्यात बोट बुडवून जिभेवर ठेवलं. बराच वेळ ठेवलं.

"काय लागतंय?" तिने विचारलं.

"काहीच नाही."

त्याने पुन्हा बोट बुडवलं.