मिस आर्डेलियांचा राहता पत्ता

ऑक्लीच्या लॉ कॉलेजात पोरं कायदा शिकायला येतात आणि त्यातली हुशार तेवढी तळटिपा शिकून जातात, असं मिस आर्डेलिया प्रुइट म्हणत. म्हणायचा अधिकार त्यांना होता. कॉलेजचं कायद्याचं जर्नल विद्यार्थीच चालवतात आणि त्या जर्नलच्या कचेरीत त्या सव्वीस वर्षं बसत होत्या. मुख्य संपादक दर वर्षी बदलायचा, मिस आर्डेलिया बदलत नसत. सव्वीस मुख्य संपादक त्यांच्या हाताखालून गेले, त्यातले दोघे आता न्यायाधीश होते. "त्यातला एक रडायचा," त्या सांगत. "कोणता ते नाही सांगायची. तुमचा खटला त्याच्यापुढे लागला तर तुम्हीच विचारा."

जर्नलचं काम बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. देशभरचे प्राध्यापक लेख पाठवतात. लेखातल्या प्रत्येक वाक्याच्या पायाशी एक टीप आणि प्रत्येक टिपेमागे दोन पोरं. एकाने मूळ कागद शोधून काढायचा, दुसऱ्याने पहिल्यावर विश्वास ठेवायचा नाही. सूर्य पूर्वेला उगवतो असं एखाद्या थोर प्राध्यापकाने लिहिलं, तरी पोरं त्याला पत्र टाकणार: कुणी पाहिलं, कोणत्या पानावर? नकलेची नक्कल चालायची नाही. कागद सरकारी कचेरीत असेल तर उठायचं, जायचं, डोळ्यांनी बघून यायचं. आणि सापडेल ते सगळं जोडायचं, सोयीचं तेवढंच नाही. निवडून जोडणाऱ्याला मिस आर्डेलिया उकडलेल्या शेंगा द्यायच्या बंद करत. ही शिक्षा पोरांना परीक्षेत नापास होण्यापेक्षा जास्त लागायची.

सकाळी साडेसातला त्या दार उघडत आणि संध्याकाळी शेवटच्या पोराला "आई वाट बघत असेल, निघ" म्हणून घालवल्याशिवाय स्वतः निघत नसत. नवरा क्लिऑन वारल्यावर तर शनिवारीही येऊ लागल्या. मिस आर्डेलिया राहतात कुठे, तर एकशे चौदा नंबरच्या खोलीत, अशी पोरांची दर वर्षीची थट्टा होती. तीच पोरं पुढच्या वर्षी नव्या पोरांना ती सांगत आणि मिस आर्डेलिया पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या हसत.

या थट्टेत थोडं तथ्य होतं, आणि घात तिथेच झाला.

त्यांचं घर गिरणीच्या तळ्यामागे. तिथे पूर्वी रस्त्याला नाव नव्हतं, घरांना नंबर नव्हते. वर टवाळ पोरं मोटारीतून जाता जाता बेसबॉलच्या बॅटने दारापुढच्या टपालपेट्या उडवायची. तीन पेट्या गेल्यावर क्लिऑनने चौथी लावली नाही. तेव्हापासून मिस आर्डेलियांचं टपाल कॉलेजात यायला लागलं. त्याच सुमारास मतदारनोंदणी नव्याने करायची होती. काउंटरवरच्या मुलीने टपालाचा पत्ता विचारला, यांनी एकशे चौदा नंबरची खोली सांगितली, आणि तिने तोच पत्ता राहत्या पत्त्याच्या रकान्यातही टाकला. मोठमोठ्या प्राध्यापकांचे चुकलेले स्वल्पविराम पकडणाऱ्या या बाईने तो कागद न वाचता सही केली. बाहेर क्लिऑन गाडी चालू ठेवून उभा होता, एवढंच कारण. तळ्यामागचं घर काय आणि कॉलेज काय, मतदानकेंद्र एकच, आगीच्या बंबांच्या आगारातलं. तेव्हा इतक्या वर्षांत कुणाचं काही अडलं नाही.

त्या वर्षी जर्नलचा परिसंवाद मतदानाच्या हक्कावर होता. तारीख ऑक्टोबरातल्या शुक्रवारची. पाच प्राध्यापक येणार होते, आणि त्यातल्या मुख्य पाहुण्यांचा लेख खुद्द ऑक्ली परगण्यावरच होता. इथे कुणीही मतदार दुसऱ्या मतदाराच्या नावावर हरकत घेऊ शकतो. निवृत्त औषधविक्रेते मिस्टर गार्लंड टीस्ली यांनी एकट्याने सहाशे अकरा नावांवर हरकती घेतल्या होत्या, असं लेखात होतं. टीप क्रमांक एकशे सतरा.

ती टीप रेनाटा किन्योनेसच्या वाट्याला आली. दुसऱ्या वर्षाची मुलगी, बोलायला फटकळ, मोजायला चोख. मंगळवारी दुपारी ती निवडणूक कचेरीत जाऊन यादी पाहून आली आणि मिस आर्डेलियांच्या टेबलापुढे नुसती उभी राहिली.

"काय गं, भूत दिसलं का?"

"सहाशे अकरा नाहीत, मिस आर्डेलिया. सहाशे चौदा आहेत. तीनदा मोजली."

"मग प्राध्यापकांना कळव. अपमान झाल्यासारखं करतील, मग आभार मानतील. त्यात एवढं तोंड उतरायला काय झालं?"

"तीनशे अठ्ठ्याऐंशीवं नाव तुमचं आहे."

मिस आर्डेलियांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आमच्या गार्लंडने? अगं, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या वीस वर्षं तोच मोजून देत होता."

"कारण लिहिलंय, मतदार निवासी पत्त्यावर राहत नाही, सदर जागा कार्यालय आहे. आणि शुक्रवारी दहा वाजता सुनावणी. तुम्हाला नोटीस गेली होती."

नोटीस गेली होती हे खरंच होतं. फक्त जर्नल उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर गेलं होतं आणि एकशे चौदामध्ये आता मोडक्या खुर्च्या होत्या. टपालखोलीतल्या नव्या माणसाने पाकिटावर 'या खोलीत कुणी राहत नाही' असं लिहून ते परत पाठवलं. ते पाकीट आता हरकतीला पुरावा म्हणून टाचलेलं होतं.

"मग नवा फॉर्म भरून टाकते," मिस आर्डेलिया म्हणाल्या. "हाय काय आणि नाय काय."

"नव्या नोंदणीची मुदत काल संपली."

खोलीत टाइप करणारी पोरं एकेक करून थांबली. मिस आर्डेलियांची आई मतदानाला जाताना चर्चची हॅट घालायची, आणि कुणी हसलं तर म्हणायची, देवाला मी दर रविवारी भेटते, यांना चार वर्षांनी. लेकीने मतदानाचं वय झाल्यापासून एकही मतदान चुकवलं नव्हतं. क्लिऑनला मूठमाती दिली त्या दिवशीसुद्धा काळ्या कपड्यांत त्या आधी आगारात जाऊन आल्या होत्या. शुक्रवारी नाव गेलं तर येत्या निवडणुकीत त्या घरी बसणार होत्या.

मुख्य संपादक हॉलिस ब्रँटली हा सहा फूट उंचीचा आणि कायम घाबरलेला मुलगा. तो म्हणाला, "परिसंवाद पुढे ढकलू. आपण सगळे जाऊ."

"गप बस, हॉलिस. पाच पाहुणे, एकशे वीस जेवणं, आणि म्हणे ढकलू! मी नऊला नावपट्ट्या वाटीन, दहाला तिकडे जाईन, बाराला सँडविचवरचं फडकं काढायला परत येईन. रेनाटा गाडी चालवेल."

"तुम्हाला वकील हवा."

"इथे चाळीस आहेत की! कच्चे असले म्हणून काय झालं."

मग त्या चाळीस कच्च्या वकिलांनी तीन दिवसांत फाइल केली. घराचा करभरणा, विजेची बिलं, क्लिऑनच्या दफनाचा दाखला, पाद्र्याचं पत्र, तळ्याच्या बाजूने काढलेला घराचा फोटो. 'आर्डेलिया प्रुइट कोठे राहतात' या मथळ्याखाली चार पानं मजकूर आणि त्रेचाळीस तळटिपा. प्रत्येक टिपेवर दोन पोरांच्या सह्या. रेनाटा पुन्हा कचेरीत जाऊन मूळ नोंदणीअर्जाची आणि दर मतदानाच्या वेळी केंद्रावर सही करून दिलेल्या चिठ्ठ्यांची प्रमाणित नक्कल घेऊन आली. बाई नेमाने मतदान करतात हे दाखवायला. तेविसावी टीप. मिस आर्डेलियांनी फाइल शेवटपर्यंत वाचली, दोन स्वल्पविराम सुधारले आणि हॉलिसला म्हणाल्या, "सव्वीस वर्षांत एवढं चोख काम बघितलं नाही." हॉलिस रडला. तोही न्यायाधीश होणार असं दिसतंय.

शुक्रवारी सुनावणी होती परगण्याच्या कचेरीच्या तळघरात. खुर्च्या शंभर, माणसं नऊ. निवडणूक मंडळाच्या अध्यक्षबाई मिसेस वॉफर्ड मऊ आवाजात नाव वाचत, पाच सेकंद थांबत आणि म्हणत, "गैरहजर. कमी करावं." पुन्हा नाव. पुन्हा पाच सेकंद. त्यातली निम्मी नावं मिस आर्डेलियांच्या ओळखीची होती. एक नाव त्याच वेळी कारखान्यात पाळीवर होतं, एक नाव रुग्णालयात होतं. त्यांच्या वतीने हात वर करावा असं मिस आर्डेलियांना दर वेळी वाटलं, आणि दर वेळी रेनाटाने मान हलवली, नाही चालत.

पहिल्या रांगेत मिस्टर टीस्ली होते. त्यांनी वळून टोपीला हात लावला. "मनाला लावून घेऊ नका हं, मिस आर्डेलिया. संगणक यादी काढतो, मी नुसती सही करतो. गुडघा कसा आहे?"

"चालतोय, गार्लंड. इथवर आणलं त्याने."

तीनशे अठ्ठ्याऐंशी. त्या उभ्या राहिल्या आणि फाइल पुढे ठेवली. मंडळाच्या दुसऱ्या सभासदाने ती वाचायला घेतली. सबंध वाचली, टिपांसकट. टिपा वाचणारा वाचक जर्नलला जन्मात मिळाला नव्हता. तो असा मिळाला.

"फार सुरेख काम आहे," तो म्हणाला. "तुम्ही तळ्यामागच्या घरात एकतीस वर्षं राहता, यात शंकाच राहिली नाही."

रेनाटाने मिस आर्डेलियांचा हात दाबला.

"कॉलेजात तुम्ही कधीच राहिला नाहीत?"

"राहिल्यासारखीच होते. पण झोपायला घरीच."

"एक दिवसही नाही?"

"नाही."

त्याने तेविसाव्या टिपेचं पान उघडलं. "या अकरा चिठ्ठ्या. प्रत्येकीवर छापलेलं आहे, मी शपथेवर सांगते की मी वरील पत्त्यावर राहते. वर कॉलेजची खोली. खाली सही. ही तुमचीच ना?"

रेनाटाने हात सोडला.

"माझीच," त्या म्हणाल्या.

"अकराही?"

"मोजून घ्या."

मिसेस वॉफर्डनी पाच सेकंद थांबून सांगितलं, नाव कमी करावं. मग आणखी मऊ आवाजात विचारलं, "ही फाइल आम्ही ठेवून घेतली तर चालेल ना? सरकारी वकिलांना बघायला आवडेल."

बारा वाजता मिस आर्डेलियांनी सँडविचवरचं फडकं काढलं. सभागृहात मुख्य पाहुणे बोलत होते, आकडा सहाशे चौदा सांगत होते, तो ज्या मुलीने दुरुस्त केला तिचे आभार मानत होते. रेनाटा जिन्यात बसून होती. "ती पानं मी लावली," ती म्हणत होती. "मी लावली."

"असलेलं लपवायचं नाही हे तुला कुणी शिकवलं?" मिस आर्डेलिया म्हणाल्या. "मग? ऊठ. चहा गोड आहे, पी."

मतदानाचा दिवस आला आणि गेला. मिस आर्डेलिया सकाळी साडेसातला कचेरीत होत्या. आगारासमोरचा रस्ता टाळून, तळ्याला वळसा घालून आल्या होत्या.

पुढच्या सोमवारी सरकारी वकिलांच्या कचेरीतून एक माणूस वर आला. तरुण, नीट भांग पाडलेला, दारातच पाय पुसणारा. पोरं वर्गात गेली होती.

"फाइल फार छान आहे, मॅडम. कुणी केली?"

मिस आर्डेलियांना ठाऊक होतं की खोट्या शपथेच्या प्रकरणात नाव अडकलं तर वकिलीची सनद देणारी समिती पोराला वर्षभर उंबरठ्यावर ताटकळत ठेवते.

"मी केली."

"प्रत्येक पानावर सह्या आहेत. दोन-दोन."

"त्या शुद्धलेखनाच्या. मजकूर माझा."

"आणि कचेरीतून जुन्या चिठ्ठ्या कुणी मागितल्या?"

"मीच."

"बरं." त्याने खिशातून छोटी वही काढली, टेबलाच्या कोपऱ्यावर टेकवली. "नाव आहेच माझ्याकडे. राहता पत्ता?"

मिस आर्डेलियांनी सावकाश सांगितला. बावीसशे अठरा, गिरणीच्या तळ्याचा रस्ता. फाइलीच्या पहिल्याच पानावर होता तोच. तो मान खाली घालून लिहीत होता, आणि त्याचं पेन त्यांच्या शब्दांच्या किंचित पुढे चाललं होतं.