देठातली रेती

माझी थोरली बहीण चौतीस वर्षं बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. काम काय, तर पांढऱ्या कागदावर मूठभर बी ओतायचं आणि भिंगातून एकेक दाणा बघत पिकाचं एकीकडे, तणाचं दुसरीकडे करायचं. निवृत्त झाली आणि चौथ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन बसली. माझं दुकान खाऱ्या पाण्याच्या टाक्यांचं. मासे, समुद्री जीव वाढलेले जिवंत खडक, प्रवाळ, सगळं मिळतं. मी म्हटलं, ताई, घरी आराम कर. ती म्हणाली, "आराम झाला करून." तीन दिवसांत झाला म्हणे.

आमच्या धंद्यात बटणं म्हणून एक प्रकार असतो. खडकाला चिकटून झुबक्यानं राहतात. खाली आखूड देठ, वर गोल चकती, चकतीच्या कडेला झालर. दिसायला फूल, पण आहे प्राणी. बावीस वर्षं मी सगळ्यांना बटणंच म्हणत आलो. हिरवी बटणं, तपकिरी बटणं, विषय संपला.

ताईनं पंधरा दिवस टाक्यांना नाक लावून काढले आणि एका सकाळी जाहीर केलं, "अरे, ही दोन वेगळी घराणी आहेत. तू एकत्र नांदवतोयस."

"बटणं आहेत ती."

"इकडे ये. हा देठ बघ. गुळगुळीत आहे ना? आता हा बघ. अंगात रेती आहे याच्या. वर चिकटलेली नाही, कातडीच्या आत भरून घेतलीय."

मी भिंगातून बघितलं. होती रेती. बावीस वर्षं माझ्या नाकासमोर होती. मला राग आला. कुणावर, ते विचारू नका.

तेव्हापासून तिनं एका घराण्याचं नाव गुळगुळीत ठेवलं, दुसऱ्याचं रेताड. पण एका खुणेवर ती कधी विसंबायची नाही. कोळंबीचा बारीक कण चिमट्यानं चकतीवर ठेवायची. रेताड असेल तर नाडी ओढलेल्या बटव्यासारखं मिटायचं आणि कण गिळायचं. गुळगुळीत बहुतेक वेळा ढुंकूनही बघायचं नाही. मग आकार बघायचा, रेताडाची चकती मोठी. तीन खुणा जुळल्या तरच नाव घ्यायचं. गिऱ्हाईक घाई करायला लागलं तर सरळ सांगायची, "अजून माहीत नाही. उद्या या." दुकानात बसून असं कुणी बोलतं का? मी दात-ओठ खायचो. गिऱ्हाइकं मात्र दुसऱ्या दिवशी हटकून यायची, आणि मला ओलांडून तिच्याकडे जायची.

रेताडांना हात लावताना ती हातमोजे घालायची, डोळ्यांवर चष्मा चढवायची. मी चिडवायचो, "शस्त्रक्रिया आहे वाटतं आज." ती म्हणायची, "यांच्यातल्या काहींत जबर विष असतं. कुठल्यात आहे आणि कुठल्यात नाही, ते भिंगातून दिसत नाही. म्हणून सगळ्यांनाच मोजे." मी हसण्यावारी न्यायचो. मला आजवर काही झालं नव्हतं ना.

मग तो मंगळवार आला. पलीकडच्या गल्लीतल्या दंतवैद्यांचा फोन. त्यांच्या टाकीत तपकिरी बटणं माजली होती, इतर प्रवाळांना जगू देत नव्हती. त्यांनी फोटो पाठवला होता. मी एक नजर टाकली आणि नेहमीचा सल्ला दिला. खडक बाहेर काढा, पातेल्यात घाला, चांगला उकळा. दहा मिनिटांत खेळ खलास. फोन ठेवला आणि चहा ओतून घेतला.

ताईनं माझा फोन उचलला, फोटो मोठा केला. मग म्हणाली, "देठात रेती आहे. काय सांगितलंस त्यांना?"

"उकळा म्हटलं."

"अरे, ते विष वाफेबरोबर हवेत जातं. घरातले सगळे श्वासावाटे आत घेतील. लाव फोन."

मी लावला. उचलेनात. पुन्हा लावला. मी म्हणालो, "फोटोवरून तुला तरी काय खात्री? तीन खुणा कुठे जुळल्या?"

"नाव घ्यायला तीन लागतात. थांबवायला एक पुरे," ती म्हणाली आणि चपला घालून चालू लागली.

तिचे गुडघे दुखतात, तरी त्या दिवशी मला तिच्यामागे पळावं लागलं. दार दंतवैद्यांच्या बायकोनं उघडलं. ताई तिला बाजूला सारून थेट स्वयंपाकघरात. पातेल्यातल्या पाण्याला आधण आलं होतं. शेजारी बादलीत खडक, आणि दंतवैद्य बाह्या सरसावून उभे. ताईनं आधी गॅस बंद केला, मग बोलली. "पाण्यातच राहू द्या तो. हात लावू नका."

दंतवैद्य माझ्याकडे बघत म्हणाले, "पण तुम्हीच तर सांगितलंत."

मी ताईकडे बघितलं. तिनं मला वाचवलं असतं तर बरं, असं क्षणभर वाटलं. नाही वाचवलं. "चुकलो मी," मी म्हणालो. बावीस वर्षांत गिऱ्हाइकासमोर हे दोन शब्द पहिल्यांदा निघाले.

परत येताना वाटेत ती म्हणाली, "आजवर किती जणांना सांगितलंस हे?"

दुकानात येऊन आठवायला बसलो. तिनं कागद पुढे सरकवला. नऊ जण आठवले. एकेकाला फोन लावला. "मागे मी खडक उकळायला सांगितलं होतं, ते चुकीचं होतं. पुन्हा करू नका." कुणी हसलं, कुणाला आठवेना. दोघांनी उकळलाच नव्हता. माझा जीव भांड्यात पडत चालला होता.

सातवा फोन एका छपाईवाल्याला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी कामावर होतो. आईनं उकळला. दोन वर्षं झाली. तेव्हापासून तिला धाप लागते. वाफेनं झालं म्हणते. छातीचे सगळे फोटो स्वच्छ आले, म्हणून डॉक्टर म्हणाले मनाचं आहे. आम्हीही तेच म्हणतो."

मी म्हणालो, "येतो मी." ताई आधीच उठली होती.

दुसऱ्या मजल्यावर छोटी खोली. खिडकीशी खुर्चीत म्हातारी बसलेली, बोलताना मध्ये मध्ये थांबणारी. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं. सल्ला माझा होता, चूक माझी होती, त्या खडकात विष असू शकतं.

ताईनं खुर्ची तिच्याजवळ ओढली. "आई, तो खडक आठवतो का?"

"न आठवायला काय झालं? आधी घासला मी तो. भांडी घासण्यात जन्म गेला. वरची रेती कुठली आणि आतली कुठली, कळतं मला. किती घासलं तरी जाईना. देठातच होती मेली. म्हटलं, उकळल्यावर निघेल." ती थांबली, दम घेतला. "चकत्या मोठ्या होत्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या. टाकीत माशांना खायला टाकलं की ह्याही मिटायच्या, तोंडात कण धरून. मी बघत बसायचे."

ताईनं माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे वळून म्हणाली, "तिन्ही खुणा जुळल्या. रेताडच होती ती. धाप त्यानंच लागली का, हे डॉक्टरांनी ठरवायचं. पण आता त्यांना हे विचारात घ्यावंच लागेल."

छपाईवाला दारात उभा होता. म्हातारीनं त्याच्याकडे मान वळवली. त्यानं नजर खाली घातली.

मग ती मला म्हणाली, "हे सगळं कागदावर लिहून द्या. मोठ्या अक्षरात. आणि आधी ह्याला वाचून दाखवा."