फितीच्या जागी इनासकाकांचं जाळं

पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या इनासकाकांचं जाळं कापलं गेलं ते शनिवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. होडी पाण्यात जायला आठ दिवस उरले होते. जाळ्याचं एक टोक काकांच्याच हातात होतं आणि समोर टाळ्या वाजत होत्या. आमचं मॅनेजमेंट म्हणतं, चुकून झालं. चुकून काही झालेलं नाही. प्रत्येक पायरीवर कुणीतरी हो म्हणालं. त्यात एक मी.

मी ज्या म्युझियममध्ये काम करते तिथे वस्तू काचेत नसतात. मुलं हात लावून बघतात. पुढच्या हॉलमध्ये करिअर: पायलटचं कॉकपिट, डॉक्टरचा कोट, न्यूज अँकरचं टेबल. वर पाटी, 'मोठेपणी मी कोण होणार?' मागच्या हॉलमध्ये कुंभाराचं चाक, टोपल्या, जाळं. तिथली पाटी, 'असे होते आपले पूर्वज'. पहिल्याच दिवशी काकांनी ती वाचली आणि मला विचारलं, "होते? मंग मी कोन, भूत?" पाटी बदला म्हणून मी दोनदा मेल टाकला. पाटी अजून आहे.

मी फ्लोअर इन्चार्ज. या कामातली सगळ्यात मोठी कटकट म्हणजे रिसेट. एक बॅच गेली की सात मिनिटांत सगळं पहिल्यासारखं करायचं. कोट खुंटीला, मातीचा परत गोळा, अर्धी टोपली उसवून काड्या डब्यात. पुढच्या शाळेला वाटलं पाहिजे की आपणच पहिले. फक्त जाळ्याला रिसेट नव्हता. ती काकांची अट होती. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, म्हणून ते यायला तयार झाले. पण आधीच म्हणाले, "पोरांनी बांधलेली गाठ मी सोडनार नाय. ह्ये जाळं माज्या भाच्याच्या होडीवर जाईल. कबूल असंल तर येतो."

कबूल केलं. प्रत्येक मुलाची एक गाठ. बांबूच्या पट्टीवर दोरा घ्यायचा, सुई फिरवायची, ओढायचं, की जाळ्याचं एक घर तयार. सांडोरच्या शाळेतल्या एका डावखुऱ्या मुलीची गाठ उलटी पडली. ती रडायच्या बेतात होती. काकांनी गाठ दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहिली.

"उलटी हाय, पन धरते. राहू दे."

"आजोबा, यात खरंच मासा येईल?"

"नाय आला तर घरी येऊन मला शिव्या दे."

आलेल्या प्रत्येक शाळेला आम्ही तेच सांगितलं: तुमची गाठ समुद्रात जाणार.

मग करिअरच्या हॉलला नवीन विंग जोडली. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे. शुक्रवारी मॅनेजर सरांनी मला मूव्हमेंट स्लिप पाठवली. म्हणजे एक वस्तू एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये न्यायची चिठ्ठी. 'जाळे, एक. मेन एंट्रन्स.' मला वाटलं, सजावट असेल. समोर तीन बॅचेस उभ्या होत्या. सही केली.

शनिवारी काकांना फोटोसाठी बोलावलं होतं. इव्हेंटवाल्यांनी कोळ्याची लाल टोपी पुढे केली. काकांनी घातली नाही. चर्चला जायचा पांढरा शर्ट होता अंगावर. त्यांच्याकडे नवं जाळं पाण्यात जायच्या आधी फादर येऊन आशीर्वाद देतात. त्यांना वाटलं, पाहुणे तसंच काहीतरी करणार. दारात जाळं आडवं धरलं होतं. सर म्हणाले, "ताणून धरा, काका. जरा अजून." काकांनी ताणून धरलं. मग तबक आलं. तबकात सोनेरी कात्री.

फितीऐवजी जाळं. थीमला धरून.

मी मागून "थांबा" म्हणाले. बँजो पार्टी जोरात चालू होती, कुणाला ऐकू गेलं नाही. दोरा ताणलेला असला की कसा कचकन कापला जातो ते मी तेव्हा पाहिलं. गाठ एकही सुटली नव्हती.

नंतर पँट्रीपाशी सर काकांना म्हणाले, "मनावर घेऊ नका हो. तुम्ही दोन दिवसांत शिवाल. उलट मुलांना रिपेअरिंगचा डेमो मिळेल."

"खडकानं फाटलं तर शिवतो," काका म्हणाले. "मानसानं कापलं तर आमच्यात गाव बसतो."

"म्हणजे?"

"म्हंजे कापनारा समोर येतो आनि सांगतो, का कापलं."

सर हसले. "आता काय, चीफ गेस्टना कोळीवाड्यात हजर करू?"

"त्यानला कशाला? त्यानच्या हातात कात्री कोनी दिली, तो आला तरी चालंल."

सरांना फोन आला. ते गेले. काका गेटजवळच्या खुर्चीत अडीचपर्यंत बसून राहिले. पाहुणे जेवून त्यांच्या समोरून गेले. मी काकांच्या समोर जाऊन सांगितलं, स्लिपवर माझी सही आहे. ते म्हणाले, "तू आलीस. दुसरा कोन नाय आला." विणायची सुई खिशात घातली, जाळं तिथेच ठेवलं आणि गेले. परत आले नाहीत. भाच्याची होडी आठ दिवसांनी जुन्याच जाळ्यावर निघाली.

कापलेलं अर्धं जाळं आता लॉबीत फ्रेममध्ये आहे. खाली लिहिलंय, 'लोकसहभाग'. मागच्या हॉलमध्ये नायलॉनचं नवीन जाळं आलंय, त्याच्या गाठी वेल्क्रोच्या. मुलं चिकटवतात, आम्ही ओढून काढतो. रिसेट दोन मिनिटांत होतो.

काकांची लेखी माफी मागा, असं पत्र मी सरांना दिलं. ते म्हणाले, "तुझी पत्रकबाजी बाहेर कर." म्हणून हे बाहेर करते आहे.

कामातला धडा एवढाच. मूव्हमेंट स्लिपवर 'कशासाठी' असा एक रकाना असतो. त्या दिवशी तो रिकामा होता. रिकाम्या रकान्याखाली सही करू नये.

आणि तुम्ही. तुमच्या मुलानं या पावसाळ्यात आमच्याकडे गाठ बांधली असेल, तर त्याला घेऊन या. तिकीट काढू नका. त्याला काउंटरपाशी उभं करा आणि विचारू द्या, "माझी गाठ कुणी कापली?" कापायला लावणारा समोर येईपर्यंत तिथून हलू नका. गेटजवळची खुर्ची रिकामीच आहे.