बोकडाचं तोंड काठीकडे

न्यू जर्सीत पार्सिपनीला आम्ही राहायला गेलो तेव्हा नवऱ्याला नोकरी होती आणि माझ्या व्हिसावर मला नोकरी करायची परवानगी नव्हती. मी एका गॅरेज सेलमधून जुनं शिवणयंत्र आणलं आणि पडदे, अभ्रे, मैत्रिणींचे ब्लाउज असं दिसेल ते शिवत सुटले. खालच्या मजल्यावर सत्तरीतलं एक क्रोएशियन जोडपं राहायचं. त्यांना मी पहिल्या दिवसापासून काका-काकू म्हणत असे. यंत्राची खडखड त्यांच्या छतातून ऐकू जायची, पण त्यांनी कधी तक्रार केली नाही.

२००६च्या उन्हाळ्यात काका एक फोटो घेऊन वर आले. त्यांच्या गावाच्या झेंड्याचा. देश स्वतंत्र झाल्यावर त्या चिमुकल्या गावानं स्वतःचं चिन्ह ठरवलं होतं: निळ्या कापडाच्या मधोमध लाल ढाल, तिच्यावर मागच्या पायांवर उभा राहिलेला पांढरा बोकड, सोनेरी शिंगांचा. न्यू जर्सीतल्या गावकऱ्यांची पिकनिक रविवारी होती आणि मागवलेला झेंडा काही पोचला नव्हता.

"पण बोकडच का?" मी विचारलं.

"आमच्याकडे दोनच गोष्टी पिकतात. दगड आणि बोकड."

निळं सॅटिन विकत आणलं. लाल ढाल हळदीकुंकवातल्या ब्लाउजपीसची, शिंगं दुसऱ्या एका आंबा रंगाच्या ब्लाउजपीसची. बोकड मात्र जमेना. नवरा ऑफिसमधून आला, बघून म्हणाला, "यार, हा तर लॅब्रॉडॉर आहे." मी दाढी लांबवली, पोट उसवून आत घेतलं. अखेर एका कडेला काठी घालायला नेफा शिवला आणि झेंडा झाला.

पिकनिकला आम्हा दोघांनाही आग्रहाचं बोलावणं होतं. काकांनी झेंडा वर धरला, टाळ्या झाल्या. तेवढ्यात काळ्या कपड्यांतल्या एक आजीबाई काठी टेकत पुढे आल्या आणि तावातावानं बोलू लागल्या. काकूंनी मला सांगितलं, "बोकडाचं तोंड झेंड्याच्या काठीकडे हवं. हा तर गाव सोडून पळतोय म्हणतात त्या."

माझे कानच तापले. मग लक्षात आलं, की ढाल बरोबर मधोमध आहे. नेफा उसवून दुसऱ्या कडेला शिवला की झालं! सुईदोरा पर्समध्ये होताच. गवतावर बसकण मारून मी ओरडले, "काका, कात्री आणा!"

एकदम हशा पिकला. पोरं तर लोळायलाच लागली. मी गोंधळून काकूंकडे बघितलं.

"आमच्याकडे लहान मुलं 'शी'ला 'काका' म्हणतात," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

"मग इतके दिवस मला सांगितलं का नाही?"

"तू इतक्या मानानं हाक मारायचीस," काका कात्री देत म्हणाले, "थांबवावंसं वाटलं नाही."

नेफा शिवून झाला. आजीबाईंनी टाके ओढून बघितले, मान डोलावली, आणि बोकड गावाकडे तोंड करून वर चढला. वारं आलं तसं सगळे गाऊ लागले. एकही शब्द कळत नव्हता, तरी मी ताल धरला. नवरा भाजलेल्या मिरच्या आणि पाव खात बसला होता. आजीबाईंनी मला शेजारी बसवून घेतलं आणि स्वतःच्या ड्रेसची उसवलेली शिवण माझ्यापुढे धरली.