बार्शीच्या विहीणबाईंचं स्टेटस

मोबाईलबद्दल माझी मतं पक्की आहेत. घरात कुणी विचारत नाही, म्हणून इथं सांगते. जेवताना फोन ताटाशेजारी ठेवू नये. समोरच्यानं डोक्याला तेल चोपडलेलं असतं, तेव्हा एकदम व्हिडिओ कॉल लावू नये. आधी 'करू का' विचारावं. दार न वाजवता आपण कुणाच्या घरात शिरतो का? आणि घरातली बातमी आधी घरात सांगावी, मग गावाला. हे शेवटचं मत बार्शीमुळं झालंय.

बार्शीला माझ्या सुनेची आई असते, म्हणजे माझी विहीण. आमची दोघींची नात एकच. पुण्याला नोकरी करते, मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. आता मला सांगा, ही पोरगी वाढली कुठं? सोलापुरात, माझ्या घरात. वेण्या मी घातल्या, शाळेचा डबा मी भरला. बार्शीला जायची ती उन्हाळ्याच्या सुट्टीत, आंबे खायला. आणि आज? नातीनं स्कूटी घेतली, फोटो विहीणबाईंच्या स्टेटसला. नातीनं केस कापले, ते मला बार्शीवरनं कळलं. माझ्याकडं काय येतं, तर रविवारी एक फोन, 'आज्जी, जेवलीस का?' जेवले बाई. पोट भरलं, पण जीव जळतोय त्याचं काय?

मग मी काय करायची, सकाळी चहा ठेवला की चष्मा लावून पहिलं बार्शीचं स्टेटस उघडायची. दुपारी परत. रस्त्यानं जाताना एखाद्याच्या उघड्या खिडकीत हळूच नजर टाकावी ना, तसं. आपण बघितलं तर कुणाला कळतंय? बघायची, जळायची, आणि फोन उशीखाली सारायची. 'छान' म्हणून दोन अक्षरं कधी लिहिली नाहीत. का लिहू?

यंदा थंडीत इथल्या एका लग्नाला विहीणबाई आल्या आणि आमच्याकडंच उतरल्या. विहीण म्हटल्यावर मानपान आलंच. मी त्यांच्यासाठी शेंगाची चटणी कुटायला बसले. सून ओट्याशी भाजी चिरत होती. त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, तुमी लई मायाळू बघा."

"ते कसं काय?"

"मी स्टेटस टाकायचा अवकाश, तुमचं नाव आलंच की खाली! दुपारी झोपा काढता का न्हाय?"

माझा बत्ता हवेतच राहिला. "नाव? नाव कुठं दिसतं?"

"खाली डोळा असतोय न्हवं? तो दाबला की कुणी बघितलं, कवा बघितलं, समदं दिसतं."

सुनेची पाठ माझ्याकडं होती, पण तिचे खांदे हलत होते. मी उगीचच जोरात चटणी कुटायला लागले.

"तुमी बघता म्हणून तर टाकते," विहीणबाई म्हणाल्या. "नातीचं कौतुक तुमच्याबिगर कुणाला? ती सोता तर उघडून बी बघत न्हाय."

"पण फोटो तीच पाठवते ना तुम्हाला? आपण होऊन?"

"कुटलं आपण होऊन! मागते मी. 'ए भवाने, फोटो धाड, न्हायतर आज जेवत न्हाय' असं बोलून पाठवते. लई कटकट केली की एक येतो. तुमी मागत न्हाय?"

मी नाही मागत. मोठ्यानं हात पसरायचा नसतो, लहानानं आपण होऊन आणून द्यायचं, हीच आमच्या घरची रीत. त्या रीतीत मी कोरडी बसले आणि ह्या बाईनं धमक्या देऊन सगळी नात नेली की बार्शीला!

दुसऱ्या दिवशी ओटी भरून त्यांना एसटीत बसवलं. घरी येऊन दार लोटलं, फोनमध्ये नातीचं नाव काढलं आणि ते बोलून पाठवायचं बटण दाबलं. दोनदा सोडलं, परत दाबलं. शेवटी म्हटलं, "अगं, मला बी एखादा फोटो पाठव की. मी काय मेले का?"

संध्याकाळी आला. नाकाला पीठ लागलेली नात, हातात भाकरी, एका बाजूनं करपलेली, दुसऱ्या बाजूनं फाटलेली. खाली लिहिलेलं, 'आज्जी, पहिली भाकरी! तुलाच पाठवलाय. कुणाला दाखवू नको हं.'

तुलाच. मी ते परत परत वाचलं. लगेच बार्शीचं स्टेटस उघडलं. तिथं नुसता गुलाब होता. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

आता, कुणाला दाखवू नको म्हणजे परक्याला. विहीणबाई काय परक्या आहेत का? मी सुनेला हाक मारली.

"अगं, हे स्टेटस कसं ठेवतात? आणि एकाच माणसाला दिसेल असं ठेवता येतं का?"

"येतं की आई. कुणाला दाखवायचंय?"

"ते काय विचारायचं असतं?"